चितकबऱ्या बोगनवेलीची कुळकथा

लातूर-नांदेड रस्त्यावरच्या चाकूरला एप्रिलमध्ये विहिरी तळ गाठू लागतात आणि नेमकी तेव्हाच कुंपणावरची बोगनवेल भरात येते. पाण्याचा थोडा ताण बसला की तिला बहर येतो. भरपूर पाणी पाजलं तर ती नुसता पाला वाढवते. ज्या लातूरला 2016 साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या मुलखात शोभेच्या झाडाचा हा पहिला गुण मानायला हवा.

ही वेल मूळची दक्षिण अमेरिकेची. बुगनव्हिल या फ्रेंच दर्यावर्दीच्या पृथ्वीप्रदक्षिणेत फिलिबेर कोमर्सों या वनस्पतीशास्त्रज्ञाला ती 1767 साली रिओ द जानेरोत दिसली. कप्तानाचंच नाव तिला मिळालं. ज्याला आपण फूल म्हणतो ती खरं तर रंगीत पानं, म्हणजे छदे. खरं फूल आतली इवलीशी नळी.

बागेतले कितीतरी वाण बीच धरत नाहीत, त्यामुळे संकराची वाट अडली होती. नवे वाण दिले ते माळ्यांच्या नजरेने. एखाद्या डोळ्यातून वेगळ्याच रंगाची फांदी फुटते. ती ओळखायची, कापायची, तिचं कलम करायचं. एकाच झाडावर पांढरी आणि किरमिजी छदे मिरवणारी ‘मेरी पामर’ कोलकात्यात अशीच सापडली. पुढे तिच्याच फांदीतून पिवळट पट्ट्यांच्या पानांची ‘थिम्मा’ निघाली.

निसर्ग असा बदल क्वचित करतो. तो वारंवार घडावा म्हणून शास्त्रज्ञांनी डोळे असलेल्या छाटांवर गॅमा किरण सोडले. ही वाट मराठी शेतकऱ्याला परकी नाही: ट्रॉम्बेचं भाभा अणुसंशोधन केंद्र आणि अकोल्याचं कृषी विद्यापीठ यांचा उडदाचा टीएयू-1 हा वाणही किरणांनी घडवलेल्या बदलाच्या संकरातून आला. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेत बोगनवेलीच्या छाटांवर हाच प्रयोग झाला आणि चितकबऱ्या पानांचे ‘महारा व्हेरिगेटा’, ‘लॉस बान्योस व्हेरिगेटा’ असे वाण मिळाले. तिथेच 1970च्या दशकात टी. एन. खुशू आणि सहकाऱ्यांनी कोल्चिसीन हे रसायन वापरून गुणसूत्रं दुप्पट केली, तेव्हा बी न धरणारे काही वाण बी धरू लागले आणि संकराची अडलेली वाट मोकळी झाली.

चितकबऱ्या पानांचा फायदा साधा आहे: बहर नसतानाही झाड शोभतं. पण किरणांचा घाव डोळ्यातल्या एखाद्याच पेशीवर बसतो. तिच्यापासून वाढलेला भाग बदललेला, शेजारचा जुनाच. दोन्ही एकाच फांदीत नांदतात. म्हणून प्रयोगशाळेत मिळतो तो नुसता बदल. पुन्हापुन्हा छाटणी करून, पट्टेदार फांदीचाच डोळा भरून तो स्थिर केला की मगच वाण तयार होतो.

हे काम रोपवाटिकेत संपत नाही. चितकबऱ्या पानाच्या फिक्या भागात हरितद्रव्य कमी असतं, त्यामुळे मूळचा हिरवा फुटवा निघाला तर तो जोमाने वाढून सगळी वेल व्यापतो. ज्यांच्या दारी असं झाड आहे त्यांनी हिरवा फुटवा दिसताच तो बुडातून कापावा आणि नवं रोप नेहमी पट्टेदार फांदीवरूनच धरावं. वाण सुधारण्याच्या या कामात शास्त्रज्ञाइतकाच वाटा त्या कात्री धरणाऱ्या हाताचाही आहे.