डोळा, डोरा आणि 'शुद्ध' उच्चार

1999 साली भंडाऱ्यातून वेगळा झालेला आपला गोंदिया जिल्हा झाडीपट्टीतला. इथलं मूल वर्गात 'डोरा' म्हणालं की त्याला लगेच सांगतात, 'अशुद्ध! डोळा म्हण.' आज आपण एवढंच बघू, की हा उच्चार नेमका कोणत्या नियमाला चुकला?

आधी प्रमाण मराठीच तपासू. आपण 'च' एकच लिहितो, पण उच्चार दोन करतो. 'चाक'मधला च दातांशी होतो, 'चिमणी'मधला टाळूशी. पुढे इ, ए किंवा य आला की च टाळूकडे सरकतो. 'माझा' आणि 'माझी' म्हणून बघा, झ बदललेला लगेच कळेल. 'चंद्र' हा संस्कृतातून जसाच्या तसा घेतलेला, म्हणून त्याचा च टाळूचा. 'चांदणं' मात्र प्राकृतातून आलेलं, त्याचा च दाताचा.

मग 'चार'चं काय? शब्द घरचा, पुढे आ, तरी च टाळूचा! कारण जुन्या मराठीत तो 'च्यार' असा लिहिलेला सापडतो. य गेला, पण त्याची खूण उच्चारात राहिली.

ही गंमत मराठीपुरती नाही. चीनमध्ये इसवी सन 601 मध्ये उच्चारांचा एक मोठा कोश तयार झाला. त्यावरून आजच्या कँटोनीजमध्ये एखाद्या अक्षराचा सूर कोणता असेल, हे बहुतेक वेळा सांगता येतं. जिथे सूर जुळत नाही, तिथे अभ्यासक बोलणाऱ्याला चूक ठरवत नाहीत, कारण शोधतात.

आता झाडीबोलीकडे येऊ. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी तिचा सविस्तर अभ्यास केला आहे. या बोलीत ळ नाही, त्या जागी र येतो. डोळा म्हणजे डोरा, काळा म्हणजे कारा. पण 'फूल' फूलच राहतं, 'काल'ही कालच. असं का? संस्कृत-प्राकृतात दोन स्वरांमधला एकटा ल मराठीत ळ झाला, तर जोड 'ल्ल'चा साधा ल झाला. 'फुल्ल'चं फूल झालं ते असं. ज्यूल ब्लॉक यांच्या मराठीच्या घडणीवरच्या 1920 सालच्या ग्रंथात हा हिशेब आहे. हिंदीत 'काला' आणि 'फूल' दोन्हीकडे ल आला, फरक पुसला गेला. झाडीबोलीनं तो र आणि ल असा जपला.

सगळंच जपलं असं नाही. 'पाणी'चं 'पानी' होताना ण आणि न यांतला फरक गेला. पण गेला तोही नियमानंच.

म्हणजे बघा, 'चार'ला अपवाद म्हणून सांभाळायचं आणि नियमानं चालणाऱ्या 'डोरा'ला अशुद्ध म्हणायचं, हा न्याय नव्हे. प्रमाण मराठी मुलांना जरूर शिकवावी. परीक्षेत, कचेरीत ती लागतेच. फक्त 'चुकलं' न म्हणता 'घरी डोरा, पुस्तकात डोळा' असं म्हणावं. घरची बोली चुकीची, असं मनात बसलं की मूल वर्गात तोंडच उघडत नाही.