बेपत्ता माणूस आणि कबुलीजबाब

पेशवाईच्या उत्तरकाळात गावच्या हद्दीत चोरी, दरोडा वा खून घडला म्हणजे त्याचा छडा लावण्याचा भार मुळात पाटलावर आणि त्याच्या दिमतीस असलेल्या जागल्यावर असे; आणि हा जागल्या, मग तो महार असो, रामोशी असो की भिल्ल, गुन्हेगाराची पावले ओळखून माग काढीत शिवेपर्यंत जाई व तेथे तो माग शेजारच्या गावच्या जागल्याच्या हवाली करून आपले गाव मोकळे करून घेई. ज्या गावच्या हद्दीत माग हरपला, ते गाव भरपाईस बांधले जाई. पेशव्यांचा मुलूख कंपनीच्या ताब्यात आल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ च्या आपल्या अहवालात या व्यवस्थेचे जे वर्णन केले आहे, त्यात तिच्याविषयी आदरच अधिक दिसतो. परंतु धुळीतील पावले वाचणारी ही विद्या जेथे थांबे, तेथून पुढे काय होई, हेही त्याने लपविलेले नाही: संशयितास फटके मारून त्याच्याकडून गुन्ह्याचा इकरार करवून घेतला जाई. माग संपला की मारहाण सुरू, हा क्रम राज्यकर्ते बदलले तरी फारसा बदलला नाही.

संशयिताचे हक्क म्हणून काही वस्तू असते, ही कल्पना त्या व्यवस्थेत नव्हती, असे म्हटल्यास कोणाला राग येण्याचे कारण नाही. जामीन होता, मुचलका होता, तापलेल्या तेलातील रवा काढण्याचे दिव्य होते, परंतु माणसाला किती काळ आणि कोणाच्या हुकमाने अडकवून ठेवावे याची लेखी मर्यादा नव्हती. ती नसल्याने काय होते, हे पुण्याने १७९१ साली पाहिले. कोतवाल घाशीराम सावळदास याने आपल्या बागेतील फळे तोडल्याच्या संशयावरून तेलंगी ब्राह्मणांच्या एका जथ्यास कोंदट कोठडीत डांबले, त्यांपैकी वीसाहून अधिक जण गुदमरून मेले, आणि खवळलेल्या शहराने कोतवालाला दगडांनी ठेचून मारले. कोतवाल गेला, कोतवालीचा अधिकार मात्र होता तसाच अनिर्बंध राहिला.

इंग्रजी अमलानेही हा प्रश्न आपण होऊन सोडविला असे नव्हे. मद्रास इलाख्यात छळाच्या चौकशीसाठी नेमलेल्या एलियट, स्टोक्स आणि नॉर्टन या तिघांच्या आयोगाने १८५५ साली महसूल वसुलीत आणि पोलिसांच्या तपासात शारीरिक छळ राजरोस चालतो असा निर्वाळा दिला, तेव्हा कंपनी सरकारची विलायतेत नाचक्की झाली. आणि पुढे कायदे करण्याची वेळ आली तेव्हा ही नाचक्की विसरली गेली नव्हती. १८६१ च्या फौजदारी कार्यपद्धतीच्या संहितेत, आणि तिच्यातून उचलून १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात, एक विलक्षण तत्त्व घालण्यात आले: पोलीस अंमलदारापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध शाबीत करता येणार नाही, आणि कोठडीत असताना दुसऱ्या कोणापुढे दिलेला जबाबही, मॅजिस्ट्रेट समक्ष नसल्यास, व्यर्थ. पुराव्याच्या कायद्याचा मसुदा करणाऱ्या जेम्स फिट्झजेम्स स्टीफनने पुढे नमूद करून ठेवले आहे की, उन्हातान्हात पुरावा शोधीत हिंडण्यापेक्षा सावलीत बसून एखाद्या गरिबाच्या डोळ्यांत तिखट चोळणे अंमलदारास सोपे वाटते. या एका निरीक्षणात त्या कायद्याच्या पंचविसाव्या, म्हणजे पोलिसांपुढील कबुली बाद ठरविणाऱ्या, कलमाची सारी उपपत्ती आली. आपल्याच पोलिसांच्या शब्दावर आपल्याच न्यायालयाने विश्वास ठेवू नये असे सरकारने कायद्यात लिहून ठेवावे, याइतका प्रामाणिक कबुलीजबाब त्या राजवटीने दुसरा दिला नसेल.

परंतु पंचविसाव्या आणि सव्विसाव्या कलमांनी जे दार लावले, त्याची खिडकी सत्ताविसाव्याने उघडी ठेवली. आरोपीने कोठडीत दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू प्रत्यक्ष सापडली, तर त्या शोधाशी निखालस संबंध असलेला तेवढा मजकूर पुराव्यात घेता येतो. आणि माणूस बेपत्ता झाल्याच्या प्रकरणी ती वस्तू म्हणजे बहुधा त्याचे प्रेत, त्याचे कपडे किंवा त्याच्या अंगावरचा दागिना. हे प्रत्यक्षात कसे चालते ते पाहावे. ठाण्यात दोन पंच बोलावले जातात. संशयित ‘जागा काढून दाखवतो’ असे बोलल्याचे निवेदन लिहून त्यावर त्याचा अंगठा घेतात. मग सारेजण गाडीत बसून नाल्याच्या कडेला जातात, तो बोट दाखवील तेथे खणतात, निघालेले चिखलाने माखलेले लुगडे कागदात बांधून पंचांच्या सह्यांची चिठ्ठी डकवतात, वर लाखेची मोहोर करतात आणि दुसरा, जप्तीचा, पंचनामा तयार होतो. हे सर्व खरे असेल तर पुरावा मोठा बळकट. मात्र लुगडे आधीच सापडलेले असेल, पंच ठाण्याच्या ओळखीचे असतील आणि निवेदन मागाहून बेतलेले असेल, तर तेच कागद तंतोतंत तसेच दिसतात. १९४६ साली प्रिव्ही कौन्सिलने पुलुकुरी कोट्टय्या खटल्यात एवढी तरी मर्यादा घालून दिली की, सुरा छपरात लपविला आहे हे सांगणे पुराव्यात येईल, त्याच सुऱ्याने अमक्याला भोसकले हे सांगणे येणार नाही. मर्यादा सुबक आहे; ती पाळण्याचा भार मात्र पुन्हा ठाण्यातील कारकुनी कलमावरच पडतो.

बेपत्ता माणसाच्या तपासात कबुलीचा मोह इतका अनावर का होतो, याचे कारण उघड आहे. मुडदा नसतो, म्हणून गुन्हा झाला की नाही हेच कळत नाही, आणि ते सांगू शकेल असा माणूस एकच, म्हणजे संशयित. इंग्लंडात कॅम्पडेन गावी १६६० साली विल्यम हॅरिसन नावाचा वृद्ध कारभारी नाहीसा झाला. त्याच्या जॉन पेरी या नोकराने आपली आई व भाऊ यांनी त्यास मारल्याचे सांगितले, तिघांनाही फाशी झाली, आणि १६६२ साली हॅरिसन जिवंत परत आला. सर मॅथ्यू हेल यांनी मृत्यू घडल्याचे सिद्ध झाल्याविना, निदान प्रेत सापडल्याविना, कोणास खुनी ठरवू नये असा जो इशारा दिला, त्यामागील भीती ही अशी होती. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८१ साली रामानंद खटल्यात हा इशारा अटळ नियम म्हणून स्वीकारला नाही, कारण मग प्रेत नाहीसे करणाराच सुटेल. आणि हेही चुकीचे म्हणता येत नाही.

पुणेकरांना या संदर्भात डॉक्टर लागू यांच्यावरील खुनाचा खटला आठवेल. शुक्रवार पेठेतील एक सधन विधवा नोव्हेंबर १९५६ मध्ये आपल्या परिचित असलेल्या या डॉक्टरांबरोबर रात्रीच्या गाडीने मुंबईस गेली. दुसऱ्या दिवशी तिने गोकुळदास तेजपाल रुग्णालयात प्राण सोडला. तेथे तिचे नाव भलतेच नोंदले गेले, आणि तिने दूरदेशी नवा संसार थाटल्याची पत्रे मात्र आप्तांना येत राहिली. पोटात विष आढळले नाही. १४ डिसेंबर १९५९ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोघा न्यायमूर्तींनी परिस्थितिजन्य पुराव्यावर देहदंड कायम केला. न्यायमूर्ती सरकार यांनी मात्र मृत्यू स्वाभाविक असण्याची शक्यता निराधार ठरत नाही म्हणून भिन्न मत नोंदविले. मला या खटल्यातील सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती ही की, एकमेकांविरुद्ध गेलेली ही दोन्ही मते कागदपत्रे, पैशाचे व्यवहार आणि रुग्णालयाची टिपणे यांवर उभी आहेत, कोठडीत काढलेल्या कबुलीवर नव्हे.

आज ठाण्यात ‘मिसिंग’ दाखल होते ती नुसती नोंद असते, गुन्हा नव्हे, हे पुष्कळ फिर्यादींना आणि त्याहून अधिक संशयितांना ठाऊक नसते. केवळ त्या नोंदीच्या जोरावर पोलिसांना कोणास अटक करता येत नाही. विचारपूस करता येते, आणि बोलावणे झाल्यास ते लेखी असावे लागते. स्त्रीला तर तिच्या राहत्या जागेखेरीज अन्यत्र हजर होण्यास भाग पाडता येत नाही. अल्पवयीनांची गोष्ट निराळी: २०१३ पासून हरवलेल्या मुलाची तक्रार अपहरणाचा गुन्हा मानूनच नोंदवावी लागते. गुन्हा दाखल होऊन अटक झालीच, तर १८९८ च्या संहितेच्या एकसष्टाव्या कलमापासून चालत आलेली चोवीस तासांची मर्यादा, संविधानाचे विसावे व बाविसावे अनुच्छेद, आणि मुंबईच्या कोठड्यांतील स्त्रियांविषयी शीला बर्से यांच्या अर्जावर १९८३ साली व एकंदर अटकेविषयी डी. के. बसू प्रकरणात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने दिलेले आदेश लागू होतात. १ जुलै २०२४ पासून पुराव्याचा जुना कायदा जाऊन भारतीय साक्ष्य अधिनियम आला; पंचवीस आणि सव्वीस ही कलमे त्याच्या तेविसाव्या कलमात एकत्र झाली, आणि सत्ताविसावे त्याच कलमाला परंतुक म्हणून, जवळजवळ शब्दशः, जोडलेले आहे.