आधी वर्ग, मग कायदा

पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे दवाखाने ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना मिक्स्चरची बाटली आठवत असेल. बाटलीच्या अंगावर कागदाची उभी पट्टी चिकटवलेली, आणि पट्टीची कड डोसागणिक कातरलेली. एका खाचेपासून पुढच्या खाचेपर्यंत एक डोस. ही पट्टी कातरायला कंपाउंडर सराव करून शिकत असे. पण खाचा सारख्या असल्या म्हणजे डोसही सारखे, असं मात्र नाही. स्ट्रिक्नीनच्या द्रावणात ब्रोमाइड मिसळलं, तर स्ट्रिक्नीनचे स्फटिक हळूहळू तळाशी बसू शकतात आणि बाटलीतला शेवटचा डोस प्राणघातक ठरू शकतो. हे नुसत्या सरावाने कळत नाही. त्यासाठी रसायनशास्त्र शिकावं लागतं. औषधनिर्माणशास्त्राच्या शिक्षणाचा इतिहास वाचायला घेताना एवढं एक उदाहरण मनाशी ठेवावं.

या शिक्षणाची मुळं आपल्याकडे जुनी आहेत. पोर्तुगीज अमलाखालच्या गोव्यात १८४२ साली वैद्यकीय शाळा निघाली; तिच्यात औषधनिर्मितीही शिकवली जाई. एकोणिसाव्या शतकातच मद्रासच्या मेडिकल कॉलेजातही असे वर्ग होते. पण ही विद्या तिथे वैद्यकाच्या ओसरीवर बसलेली होती. तिला विद्यापीठात स्वतःचं घर मिळालं ते बनारस हिंदू विद्यापीठात, पंडित मदनमोहन मालवीय कुलगुरू असताना.

ते घर उभारणारे प्राध्यापक महादेव लाल श्रॉफ. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत शिकून आलेल्या या रसायनशास्त्रज्ञाने १९३२ साली बी.एस्सी.च्या अभ्यासक्रमात औषधी रसायनशास्त्र आणलं. १९३७ मध्ये बी. फार्म.चा तीन वर्षांचा स्वतंत्र अभ्यासक्रम सुरू झाला. एका विषयापासून पूर्ण पदवीपर्यंत मजल गाठायला पाच वर्षं लागली. श्रॉफ तेवढ्यावर थांबले नाहीत. व्यवसायाला संघटना हवी आणि संशोधनाला नियतकालिक हवं, हे त्यांनी ओळखलं. १९३९ साली ‘इंडियन जर्नल ऑफ फार्मसी’ निघालं. त्यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या इंडियन फार्मास्युटिकल असोसिएशनचं मुख्यालय आज मुंबईत आहे.

त्या काळातला कायद्याचा पट याच्या शेजारी मांडला, की बनारसच्या कामाचं मोल कळतं. बाजारातल्या भेसळीच्या आणि कमी कसाच्या औषधांची चौकशी करण्यासाठी १९३० साली कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिचा अहवाल १९३१ मध्ये आला. औषध कायदा मात्र १९४० साली झाला, आणि औषध देणाऱ्याची पात्रता ठरवणारा फार्मसी कायदा त्यानंतर आठ वर्षांनी, १९४८ साली. म्हणजे कायद्याने शिक्षित फार्मासिस्टची मागणी करण्याआधी अकरा वर्षं बनारसमध्ये तो घडू लागला होता. माझ्या मते या इतिहासाचं सार इथेच आहे. आपल्याकडे हा व्यवसाय सरकारी हुकमाने जन्माला आला नाही. तो आधी वर्गात आणि प्रयोगशाळेत घडला. बनारसचा तो विभाग आज तिथल्या आयआयटीत नांदतो आहे.

या क्षेत्राकडे वळणाऱ्या वाचकाचं मनापासून स्वागत. फार्मसीचे विद्यार्थी इथे यावेतच, पण इतिहासाच्या आणि समाजशास्त्राच्या अभ्यासकांनीही यावं. भेसळ, परवाने, आयात, वनौषधी, रुग्णाचा विश्वास असे कितीतरी धागे या एका विषयात गुंतलेले आहेत, आणि मराठीत त्यावर फार थोडं लिहिलं गेलं आहे. कायदे आणि अहवाल ग्रंथालयांत मिळतील. पण वर्गात रोज काय शिकवलं जाई, याचा पुरावा घराघरांत आहे: जुन्या प्रॅक्टिकलच्या जर्नलांत, शिक्षकांच्या टिपणांत, दुकानांच्या प्रिस्क्रिप्शन-वह्यांत. तुमच्या माळ्यावर अशी एखादी वही असेल, तर ती रद्दीत देऊ नका. जवळच्या फार्मसी कॉलेजच्या ग्रंथालयात नेऊन द्या.