ढिगाऱ्यावर उगवलेले शास्त्र

नागरी परिसंस्थाशास्त्राची जन्मकथा मला प्रयोगशाळेत नव्हे, विटांच्या ढिगाऱ्यावर सुरू झालेली दिसते. दुसऱ्या महायुद्धात बर्लिनचा मोठा भाग बाँबवर्षावात कोसळला. १९६१ मध्ये भिंत उभी राहिली आणि पश्चिम बर्लिनच्या वनस्पतिशास्त्रज्ञांना भोवतालची राने, तळी, कुरणे दुरावली. मग हर्बर्ट सुकॉप आणि त्यांचे सहकारी हाताशी होते तिकडे वळले : पडीक भूखंड, रुळांकडेची जमीन, दफनभूमी. शहर म्हणजे निसर्गाचा अभाव, असे तोवर बहुतेक अभ्यासक धरून चालत. यांनी मात्र ढिगाऱ्यावर बसून याद्या केल्या.

याद्यांतून निघाले ते अनपेक्षित होते. आपल्या चाकवताची एक सुवासिक, चिकट पानांची चुलत बहीण दक्षिणेकडच्या उबदार प्रदेशातली. ती बर्लिनच्या तापलेल्या विटांवर सुखाने नांदत होती. शहर आसपासच्या खेड्यांपेक्षा उष्ण असते, हे तापमापकाआधी रोपावरून वाचता येत होते. चीनमधला आयलँथस आणि उत्तर अमेरिकेतला रॉबिनिया या झाडांनी तर मोकळ्या जागा व्यापूनच टाकल्या. यांना उपरे म्हणावे की बर्लिनकर?

या प्रश्नाला धार आली ती झ्युडगेलेंड नावाच्या मालगाड्यांच्या यार्डात. पश्चिम बर्लिनमधली रेल्वेची जमीन पूर्व जर्मनीच्या रेल्वेकडे होती. विभागलेल्या शहराच्या राजकारणात यार्ड १९५२ मध्ये बंद पडले आणि जमिनीला कुणी हात लावला नाही. पुढे तिथे नवे मालस्थानक करण्याचा बेत झाला तेव्हा नागरिक आडवे आले. त्यांच्या हातात भावना होत्याच, पण वनस्पतींची यादीही होती : तीनशेहून अधिक जाती. मालस्थानक झाले नाही. २००० मध्ये तिथे निसर्गोद्यान खुले झाले. रुळांमधून वाढलेली झाडे तशीच ठेवून. मला यातली यादी महत्त्वाची वाटते. चळवळी सगळीकडे होतात. आधीच कुणीतरी मोजून ठेवलेले असणे दुर्मीळ.

पुण्यालाही अशी एक यादीतली ओळ लाभली आहे. काँग्रेस गवताची भारतातली गाजलेली नोंद पुण्याची. १९५६ मध्ये ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’च्या नियतकालिकात आर. एस. राव यांचे त्यावर टिपण आले. हे गवत अमेरिकेच्या ‘पीएल-४८०’च्या गव्हाबरोबर आले, असे आपण लहानपणापासून ऐकतो. पण त्या योजनेखालचा भारताचा पहिला करार ऑगस्ट १९५६ चा. गहू येऊन, बी रुजून, रोप ओळखून, टिपण छापून होण्यास लागणारा काळ मोजला, तर तारखा जुळवणे मला कठीण जाते. लोककथा गोड असते आणि चिकटही. तिच्याशी वाद घालण्याचे बळ मिळते ते एका कोरड्या टिपणातून.

आता टेकड्यांकडे वळतो. पुण्याच्या टेकड्या मुळात गवताच्या आणि काटेरी झुडपांच्या. त्यांवर वनखात्याने मध्य अमेरिकेतले गिरिपुष्प लावले. योगायोग असा की अठराव्या शतकात वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याचे बारसे रॉबिनिया याच वंशनामाने केले होते. बर्लिनच्या उपऱ्याचे हे जवळचे नातलग. दोघांच्याही मुळांवर नत्र स्थिर करणाऱ्या गाठी. बर्लिनचा प्रश्न म्हणजे इथे जसाच्या तसा आपला आहे. मात्र एक फरक आहे. तिथे झाडे उजाड रुळांवर आपोआप आली. इथे जिवंत गवताळ माळावर माणसांनी लावली. म्हणून बर्लिनचे उत्तर उचलून आणता येत नाही.

या शास्त्राचे भवितव्य उपग्रहांत आणि संवेदकांत आहे, असे हल्ली फार ऐकू येते. उपग्रहाला टेकडी हिरवी दिसते; हिरवे काय आहे ते त्याला सहज कळत नाही. माझा कल बाल्टिमोरकडे आहे. १९९७ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने बाल्टिमोर आणि फिनिक्स या दोन शहरांचा दीर्घकालीन अभ्यास सुरू करवला. बाल्टिमोरमध्ये ओढ्यांच्या पाण्याचे नमुने आठवड्याला घेतले जात, वर्षानुवर्षे. काठची ओली माती पाण्यातला नायट्रेट काढून टाकते, हे पुस्तकी ज्ञान. शहरात रस्त्यांवरून धावत येणाऱ्या पावसाने ओढे खोल कापले गेले, भूजल खाली गेले, काठ कोरडा पडला आणि मातीचे ते काम मंदावले. नुसते काठावर झाडे लावून ओढा सुधारत नाही, ही गोष्ट अशी कळली. आंबील ओढ्याच्या शहराला ती ऐकण्यासारखी आहे.

आपल्याकडे संशोधनाची मुदत प्रबंधाएवढी. विद्यार्थी पदवी घेऊन जातो, त्याचे आखलेले चौकोन गवतात बुजतात. पुण्यात प्रकाश गोळे यांनी १९८२ मध्ये इकॉलॉजिकल सोसायटी स्थापली, त्यांनी नदीकाठचे पक्षी मोजले. अशी कामे व्यक्तीच्या चिकाटीवर उभी राहिली. वेताळ टेकडी छेदणाऱ्या रस्त्याचा वाद निघाला की दोन्ही बाजू झाडांची संख्या फेकतात. झाडाखालच्या गवताच्या किती जाती वीस वर्षांपूर्वी होत्या आणि आज किती, हा प्रश्न त्या वादात क्वचितच येतो. गिरिपुष्प काढावे म्हणणारे आणि राहू द्यावे म्हणणारे, दोघांनाही आधी काही चौकोन राखून ठेवावे लागतील : काहींतले झाड काढलेले, काहींतले तसेच. आणि मोजणी दर पावसाळ्यानंतर, गवत फुलावर असताना, कारण त्याआधी गवताच्या जाती ओळखणे अवघड.