परत फिरण्याची जागा

मैदानात शिकलेला वैमानिक छोटे विमान घेऊन डोंगरात शिरला की त्याची निम्मी गणिते चुकू लागतात. समुद्रसपाटीपासून ३,००० मीटर उंचीवर हवेची घनता सुमारे पाऊणपटच उरते. साध्या पिस्टन इंजिनाची ताकद त्याच प्रमाणात, किंबहुना थोडी अधिकच, घटते. विरळ हवेत पंखांना पुरेसा जोर मिळायचा तर विमान जास्त वेगाने पळवावे लागते, आणि वेग जास्त म्हणजे धावपट्टीही लांब हवी. डोंगरात नेमकी तीच मिळत नाही. वळायलाही जागा अपुरी पडते. ताशी १६० किलोमीटर वेगाने जाणारे विमान ३० अंश कलून वळले, तर वळणाची त्रिज्या साधारण ३५० मीटर भरते. म्हणजे मागे फिरण्यासाठी किमान ७०० मीटर रुंद दरी हवी. वेग दीडपट झाला की ही रुंदी सव्वादोनपट होते. त्यात वाऱ्याची भर. डोंगराच्या ज्या अंगावर वारा आदळतो तिथे तो वर चढतो आणि विमानालाही उचलतो. पलीकडच्या अंगाला तोच वारा खाली कोसळतो, आणि लहान इंजिनाची सगळी ताकद लावली तरी त्यातून वर येता येईलच असे नसते.

हे ज्ञान आज प्रशिक्षणाच्या पहिल्या धड्यांत येते. ते गोळा व्हायला मात्र काही दशके लागली आणि त्याचा मोठा भाग आल्प्स पर्वतात घडला. ३० जुलै १९२१ रोजी फ्रांस्वा द्युराफूर या स्विस वैमानिकाने कोद्रों जी-३ हे लाकडी सांगाड्याचे विमान मों ब्लांच्या दोम द्यु गूते या ४,३०० मीटरहून उंच बर्फाळ घुमटावर उतरवले आणि तिथून सुखरूप खालीही नेले. धाडस म्हणून ते अजोड होते. पण त्यातून कोणी काही शिकावे अशी पद्धत उभी राहिली नाही. पुढची सुमारे तीन दशके हिमनदीवर विमान उतरवणे हे अपवादात्मक साहसच राहिले.

चित्र पालटले ते एका चुकलेल्या विमानामुळे. नोव्हेंबर १९४६ मध्ये अमेरिकी लष्कराचे एक डाकोटा जातीचे विमान ऑस्ट्रियाहून इटलीतील पिसाकडे निघाले होते. खराब हवेत वाट चुकून ते स्वित्झर्लंडमधील गाउली हिमनदीवर सुमारे ३,३५० मीटर उंचीवर आदळले. हिम मऊ असल्याने विमानातील बाराही जण वाचले, पण आपण फ्रान्सच्या हद्दीतील आल्प्समध्ये आहोत अशी त्यांची समजूत झाली आणि सुरुवातीचा शोधही तिकडेच भरकटला. ठिकाण सापडल्यावर बचाव पथक पायी वर पोचले खरे. जखमींना त्या बर्फातून खाली आणणे मात्र फार कठीण होते. २४ नोव्हेंबरला स्विस हवाई दलाचे विक्टर हूग आणि पिस्टा हिट्झ यांनी स्की बसवलेली दोन फीझलर श्टोर्ख विमाने थेट हिमनदीवर उतरवली आणि काही फेऱ्यांत सगळ्यांना खाली नेले. श्टोर्ख हे अतिशय कमी वेगात उडू शकणारे, जेमतेम जागेत उतरणारे विमान होते. हिमनदी ही धावपट्टी होऊ शकते, एवढेच नव्हे तर त्यावर माणसांचे प्राण अवलंबून असू शकतात, हे त्या दिवशी सिद्ध झाले. स्वित्झर्लंडची हवाई बचाव संस्था १९५२ मध्ये स्थापन झाली, तिच्यामागे या घटनेची प्रेरणा होती.

त्याच वर्षी, १० मे १९५२ रोजी, सियों या स्विस शहरातील वैमानिक हर्मान गायगर याने आपले छोटे पायपर विमान कांडर हिमनदीवर उतरवले. डोंगरी उड्डाणाच्या शिक्षणाचा खरा आरंभ इथे मानायला हवा, कारण गायगरने पराक्रमाची रीत केली. त्याच्या विमानाला वरखाली होणाऱ्या स्की होत्या: गावच्या धावपट्टीवरून चाकांवर निघायचे आणि वर जाऊन स्कीवर टेकायचे. पक्षी कड्यावर बसताना नेहमी चढाच्या दिशेने झेप घेत बसतात, हे त्याने न्याहाळले होते. त्याचे तंत्र हेच होते. उतरायचे ते चढावर, म्हणजे उतारच ब्रेकचे काम करतो. निघायचे ते उतारावरून खाली, म्हणजे तोच उतार विमानाला वेग देतो. वाऱ्याची दिशा इथे बऱ्याचदा दुय्यम ठरते. मैदानात वाऱ्याला सामोरे उतरण्याचा नियम अंगवळणी पडलेल्या वैमानिकाला ही गोष्ट पटवणे सोपे नव्हते.

चढावर उतरण्यात एक फसगत दडलेली आहे. समोर चढत गेलेली जमीन दिसली की आपण फार उंचावरून येत आहोत असा भास होतो, वैमानिक नकळत खाली येतो आणि धावपट्टीच्या अलीकडेच आपटण्याचा धोका निर्माण होतो. ढगाळ दिवशी बर्फावर सावल्या पडत नाहीत. तेव्हा पृष्ठभाग दहा मीटर खाली आहे की दोन, हे डोळ्यांना कळेनासे होते. म्हणून हिमनदीवर आधी एक फेरी मारून स्की नुसत्या टेकवायच्या, लगेच वर उठायचे आणि मग स्वतःच उमटवलेल्या खुणेच्या आधाराने खरे उतरायचे, अशी पद्धत रूढ झाली. त्या खुणेवरून बर्फ किती मऊ आहे हेही समजते. दरीतून जाण्याचे नियमही असेच अनुभवातून आले. दरीच्या मधून न जाता एका कडेने जायचे, म्हणजे वळायला सगळी रुंदी मोकळी राहते. कडा ओलांडताना सरळ न जाता साधारण ४५ अंशांच्या तिरक्या रेषेत जायचे, म्हणजे पलीकडून खाली दाबणारा वारा लागला तर थोड्याशा वळणात माघार घेता येते.

गायगरचा मृत्यू २६ ऑगस्ट १९६६ रोजी सियोंच्याच विमानतळावर, उड्डाणाच्या वेळी एका ग्लायडरशी टक्कर होऊन झाला. हिमनद्यांनी ज्याला सांभाळले, तो सपाट धावपट्टीवर गेला. त्याच्या तंत्राने घडलेले वैमानिक मात्र तोवर काम करू लागले होते.

फ्रान्समध्ये हेच काम वेगळ्या अंगाने पुढे गेले. आंरी जिरो याने १९६० च्या जूनमध्ये मों ब्लांच्या माथ्यावरच विमान उतरवले. पण शिक्षणाच्या दृष्टीने त्या विक्रमापेक्षा १९६० च्या दशकाच्या आरंभी मिशेल झिगलेर याच्या प्रयत्नांतून उभी राहिलेली कूर्शव्हेलची डोंगरी धावपट्टी अधिक महत्त्वाची आहे. ती सुमारे २,००० मीटर उंचीवर असून लांबी जेमतेम ५३७ मीटर आणि चढ १८ टक्क्यांहून जास्त. उतरायचे एकाच दिशेने, निघायचे उलट दिशेने. धावपट्टीच्या वरच्या टोकापलीकडे डोंगरच आहे. साध्या विमानतळावर उतरणे बिनसले तर वैमानिक शेवटच्या क्षणीही इंजिनाला जोर देऊन वर उठतो. इथे ती सोय नाही. ठराविक बिंदूच्या पुढे आले की उतरलेच पाहिजे, म्हणून त्या बिंदूच्या आधी मन पक्के करायचे असते. डोंगरी शिक्षणाचा गाभा यातून स्पष्ट झाला. हातांचे कौशल्य थोड्या सरावाने येते. निर्णय कुठे घ्यायचा ती जागा आधीच ठरवून ठेवणे आणि ती आल्यावर स्वतःशी वाद न घालणे, हे शिकवायला प्रशिक्षक शेजारी बसावा लागतो. आज युरोपात डोंगरी उड्डाणासाठी परवान्यावर स्वतंत्र पात्रता नोंदवली जाते. चाकांवर आणि स्कीवर उतरण्याची मान्यता वेगवेगळी आहे. तिची मुदत दोन वर्षांची ठेवली आहे, आणि ते योग्यच आहे, कारण हा सराव फार लवकर गंजतो.

आल्प्समधले हे ज्ञान हिमालयात पोचले ते विमानासकटच. १९६० च्या धवलगिरी मोहिमेत स्विस गिर्यारोहकांनी नवे पिलाटस पोर्टर विमान आणले. एर्न्स्ट झाक्सर आणि एमील विक यांनी ते ५,७०० मीटर उंचीवरील खिंडीत उतरवले. मे महिन्यात ते डंबुश खिंडीजवळ कोसळले, दोघे वैमानिक मात्र पायी खाली आले. पुढे नेपाळच्या दुर्गम खोऱ्यांत पोर्टर आणि ट्विन ऑटर या विमानांनीच धान्य, औषधे, रुग्ण आणि पत्रे वाहिली. १९६४ मध्ये एडमंड हिलरींच्या देखरेखीखाली शेर्पांनी लुक्ला येथे धावपट्टी तयार केली: उंची सुमारे २,८५० मीटर, लांबी ५२७ मीटर, चढ सुमारे १२ टक्के, एका टोकाला डोंगर, दुसऱ्या टोकाला खोल दरी. डांबरीकरण २००१ मध्ये झाले, तोवर ती मातीचीच होती.

लुक्लाला विमान नेणाऱ्या कप्तानासाठी नेपाळने घातलेल्या अटी आल्प्समधील पात्रतेहून कडक आहेत. आखूड धावपट्ट्यांवरच्या किमान १०० फेऱ्या, नेपाळमधील अशा उड्डाणांचा वर्षभराचा अनुभव, आणि प्रशिक्षकासोबत खुद्द लुक्लाच्या दहा फेऱ्या पूर्ण झाल्याशिवाय मान्यता मिळत नाही. नेपाळमधल्याच जोमसोम या दुसऱ्या डोंगरी विमानतळाचा नियम घड्याळाशी बांधलेला आहे. काली गंडकीच्या खोल दरीतून दुपारकडे जबर वारा सुटतो, म्हणून उड्डाणे सकाळीच उरकतात.

एवढे असूनही २९ मे २०२२ रोजी पोखऱ्याहून जोमसोमला निघालेले ट्विन ऑटर डोंगरावर आदळले आणि विमानातील २२ जण मरण पावले. त्यांत ठाण्याचे चार प्रवासी होते. डोळ्यांनी बाहेर पाहून उडण्याच्या नियमाखाली निघालेले हे विमान ढगांत शिरले होते आणि डोंगर जवळ आल्याचा इशारा देणारी यंत्रणा बंद ठेवलेली होती, असे चौकशीत आढळले. डोंगरात अशी यंत्रणा अरुंद दरीमुळे वारंवार ओरडते, म्हणून ती गप्प करण्याचा मोह होतो. पण ज्या दिवशी डोळ्यांपुढे काही दिसत नाही त्या दिवशी तीच शेवटचा आधार असते. अपघातानंतर दोनच दिवसांत नेपाळच्या नागरी उड्डाण प्राधिकरणाने आदेश काढला: अशा उड्डाणांना परवानगी देताना निघण्याच्या आणि उतरण्याच्या ठिकाणाबरोबरच मधल्या संपूर्ण वाटेवरची हवाही अनुकूल असली पाहिजे. परत फिरण्याचा निर्णय त्यामुळे दरीच्या तोंडाशी न राहता विमानतळावर, इंजिन सुरू होण्याआधी घेतला जाऊ लागला.