जुने ई-मेल खाते बंद करताना

वाळूज किंवा चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या लघुउद्योगाचा ई-मेल पत्ता गेल्या पंचवीस वर्षांत अनेकदा बदललेला असू शकतो. डायल-अपच्या काळात बीएसएनएलच्या संचारनेटचा, ब्रॉडबँड आल्यावर डेटावनचा, पुढे रेडिफमेल किंवा जीमेलचा आणि अखेरीस कंपनीच्या स्वतःच्या डोमेनचा. २०२३ मध्ये औरंगाबादचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले, तेव्हा ज्यांच्या पत्त्यात शहराचे जुने नाव होते त्यांच्यापुढेही पत्ता बदलण्याचा प्रश्न आला.

पत्ता बदलतो, पण कार्यालयातील संगणकावर, आउटलुक किंवा थंडरबर्डमध्ये, जुने खाते तसेच राहते. प्रोग्राम ठराविक वेळाने त्या खात्यातील संदेश आणायला जातो, सर्व्हर नकार देतो आणि पासवर्ड मागणारी चौकट पुन्हा पुन्हा पडद्यावर येते. कंटाळून ते खाते काढून टाकले जाते आणि त्याबरोबर खरेदी आदेश, ड्रॉइंग व दरपत्रकांचा जुना पत्रव्यवहारही जाण्याची भीती असते. खाते निष्क्रिय करणे आणि खाते काढून टाकणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत, हे प्रथम ध्यानात घ्यायला हवे.

संदेश नेमके कोठे असतात?

खाते 'पॉप' पद्धतीचे असेल तर संदेश सर्व्हरवरून संगणकावर उतरतात आणि 'सर्व्हरवर प्रत ठेवा' हा पर्याय निवडलेला नसल्यास तेथून पुसले जातात. अशा वेळी त्यांची एकमेव प्रत संगणकाच्या हार्ड डिस्कवर असते. 'आयमॅप' पद्धतीत मूळ संदेश सर्व्हरवर राहतात आणि संगणकावर केवळ त्यांचे प्रतिबिंब दिसते. मात्र सर्व्हरवरील खातेच संपले, तर ते प्रतिबिंब हाच शेवटचा साठा ठरतो. आपले खाते कोणत्या पद्धतीचे आहे, हे अकाउंट सेटिंग्जमध्ये दिसते.

पासवर्ड नाकारला गेला म्हणजे खाते संपलेच, असेही नाही. गुगलने ३० मे २०२२ पासून वैयक्तिक खात्यांसाठी, तर मायक्रोसॉफ्टने १६ सप्टेंबर २०२४ पासून आउटलुक डॉट कॉमसाठी, केवळ नाव व पासवर्ड देऊन जोडणी करण्याची जुनी पद्धत बंद केली. त्यामुळे जुन्या प्रोग्राममध्ये चालू खातेही मृत भासते. ब्राउझरमधून ते उघडते का, हे आधी पाहावे.

आधी प्रत, मग बदल

प्रोग्राम बंद करून संदेशांच्या फाइलींची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी. आउटलुकमधील पॉप खात्याचे संदेश 'पीएसटी' फाइलीत असतात. २०१० च्या आवृत्तीपासून ही फाइल सहसा डॉक्युमेंट्समधील 'आउटलुक फाइल्स' या फोल्डरमध्ये सापडते. आयमॅप खात्यातील संदेश 'इम्पोर्ट-एक्स्पोर्ट'ने पीएसटी फाइलीत उतरवून घ्यावे लागतात. थंडरबर्डसाठी संपूर्ण प्रोफाइल फोल्डरची प्रत घ्यावी. एखाद्या जुन्या विंडोज एक्स्पी संगणकावर आउटलुक एक्स्प्रेस असेल, तर 'डीबीएक्स' फाइली जपाव्यात.

ही दक्षता केवळ सोयीची नाही. कंपनी कायदा २०१३ नुसार लेखापुस्तके व त्यांची प्रमाणके आठ आर्थिक वर्षे, तर जीएसटी कायद्यानुसार हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जतन करावी लागतात. वाद न्यायालयात गेल्यास १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र द्यावे लागते. संदेश कोणत्या सर्व्हरवरून केव्हा आला, हा तपशील मूळ फाइलीत असतो. छापील कागदावर तो पूर्ण उमटत नाही.

निष्क्रिय कसे करावे?

क्लासिक आउटलुकमध्ये कंट्रोल, ऑल्ट आणि एस या कळा एकत्र दाबाव्यात. 'सेंड-रिसीव्ह ग्रुप्स'ची चौकट उघडते. तेथे 'एडिट'वर टिचकी मारून जुने खाते निवडावे आणि ते या गटात समाविष्ट करण्याच्या पर्यायावरील खूण काढावी. थंडरबर्डमध्ये त्या खात्याच्या 'सर्व्हर सेटिंग्ज'मध्ये जाऊन प्रोग्राम सुरू होताना आणि ठराविक मिनिटांनी नवे संदेश तपासण्याच्या दोन्ही खुणा काढाव्यात. आउटलुक एक्स्प्रेसमध्ये 'टूल्स', 'अकाउंट्स', 'मेल' या क्रमाने जाऊन खात्याच्या 'प्रॉपर्टीज'मधील, संदेश घेताना हे खाते धरण्याची खूण काढावी. जुने संदेश जागेवर राहतात, पासवर्डची चौकट थांबते.

त्यानंतर नवे खाते 'डीफॉल्ट' करावे. तरीही जुन्या संदेशाला उत्तर देताना प्रोग्राम जुनाच पत्ता निवडतो. 'फ्रॉम'ची ओळ दर वेळी पाहावी.

काढून टाकायचेच असेल तर

थंडरबर्डमध्ये हवे ते संदेश आधी 'लोकल फोल्डर्स'मध्ये हलवावेत. खाते काढताना दोन पर्याय येतात : खात्याची माहिती काढणे आणि संदेशही काढणे. दुसऱ्यावर खूण करू नये. आउटलुकमध्ये पॉप खाते काढले तरी पीएसटी फाइल डिस्कवर राहते व पुन्हा उघडता येते. आयमॅप खात्याचा स्थानिक साठा मात्र पुसला जातो.

सर्व्हरवरचे खाते

संगणकावर केलेल्या या बदलाने सर्व्हरवरील खाते बंद होत नाही. तेथे नवे संदेश येतच राहतात. बँक, जीएसटी, आयकर व भविष्य निर्वाह निधीच्या संकेतस्थळांवर नवा पत्ता नोंदवावा आणि ग्राहकांना कळवावा. दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती गुगल काढून टाकू शकते. जुन्या डोमेनचे नूतनीकरण थांबले, तर ते दुसरा कोणीही विकत घेऊ शकतो आणि मग पासवर्ड बदलण्याचे संदेश त्याच्याच हाती पडतात. म्हणून सर्व ठिकाणी पत्ता बदलल्याची खात्री होईपर्यंत डोमेनचे वार्षिक शुल्क भरत राहणे हिताचे.