कागद कुणाच्या घरात?

1875 च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांवर चालून गेले आणि थोड्याच दिवसांत ते लोण नगर जिल्ह्यात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, पारनेर-श्रीगोंद्यापर्यंत पोचले. दख्खनचे दंगे म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या उठावात बहुतेक ठिकाणी सावकाराच्या जिवाला धक्का लागला नाही. लोकांना हवे होते कर्जरोखे. रोखा हाती लागला की त्याची होळी करायची आणि पुढचे घर गाठायचे. कुळाचे सगळे भवितव्य त्या कागदात होते आणि कागद होता सावकाराच्या पेटीत. 1879 च्या दख्खन शेतकरी कायद्याने हेच नेमके हेरले. शेतकऱ्याने करून द्यायचा दस्त यापुढे गावच्या निबंधकासमोर व्हायचा, त्याची नोंद तिथे राहायची. व्यवहार दोघांचा, पण नोंद तिसऱ्याकडे.

छोट्या दुकानदाराने आपल्या वेबसाइटवर गिऱ्हाइकाच्या कार्डाची माहिती कशी घ्यावी, या प्रश्नाचे मूळ मला तिथे दिसते. दुसऱ्याच्या पैशापर्यंत नेणारी खूण कुणाकडे राहावी आणि किती काळ, हाच तो जुना प्रश्न.

याचे एक उत्तर आपल्या पेढ्यांकडे आधीपासून होते. शहाजोग हुंडीचे पैसे पेठेत पत असलेल्या शहालाच, म्हणजे प्रतिष्ठित व्यापाऱ्यालाच, मिळत, रस्त्यात ती लुटणाऱ्या चोराला तिचा उपयोग नसे. हुंडी गहाळ झाली तर पैठ लिहून देत, तीही हरवली तर परपैठ. आणि पैसे चुकते झाले की हुंडीचा खोका होई, ती पुन्हा वटत नसे. म्हणजे ती ठराविक माणसांनाच लागू आणि एकदाच चालणारी. हे दोन गुण ध्यानात ठेवावेत, कारण पुढे शंभर वर्षांनी आलेल्या कार्डाने ते दोन्ही गमावले.

टपालखात्याची व्हीपी, म्हणजे पार्सल हाती देताना पैसे वसूल करण्याची सोय, 1877 ची, मनीऑर्डर 1880 ची. त्यांतही विकणाऱ्याच्या हाती गिऱ्हाइकाचे गुपित कधी जात नसे, फक्त पैसे येत.

डायनर्स क्लबचे कार्ड भारतात 1961 मध्ये आले आणि 1980 च्या सुमारास आपल्या बँकांनी स्वतःची कार्डे काढली. तेव्हाचे काउंटरवरचे यंत्र ज्यांनी पाहिले आहे त्यांना त्याचा खर्रर्र आवाज आठवेल. कार्ड खाचेत ठेवायचे, वर कार्बन घातलेली पावती, आणि दांडा एकदा इकडून तिकडे ओढायचा. कार्डावरचे उठावाचे आकडे, नाव, मुदत असे सगळे कागदावर उमटायचे. एक प्रत गिऱ्हाइकाला, एक बँकेला, एक दुकानात. ती दुकानातली प्रत गल्ल्याखालच्या खोक्यात महिनोन्‌महिने पडून असे. हुंडी पैसे दिल्यावर मरत असे. कार्डाचा नंबर मात्र पैसे दिल्यानंतरही जिवंतच राही, आणि ज्याच्या हाती पडेल त्याच्यासाठी चाले.

इंटरनेट आले तेव्हा नेटस्केपने 1990 च्या दशकाच्या मध्यात एसएसएल आणले. गिऱ्हाइकाच्या संगणकापासून दुकानाच्या सर्व्हरपर्यंतचा रस्ता बंदिस्त झाला. पण रस्ता संपतो तिथे काय? अनेक छोट्या वेबसाइटींवर फॉर्म भरला की नंबर मालकाच्या ईमेलमध्ये जाऊन पडे किंवा डेटाबेसमध्ये साठून राही. रोखा पुन्हा पेटीत आला. डिसेंबर 2004 मध्ये कार्ड कंपन्यांनी पीसीआय डीएसएस हे नियम एकत्र बांधले. त्यातला एक नियम प्रत्येक दुकानदाराने पाठ करावा असा आहे: व्यवहार मंजूर झाल्यावर सीव्हीव्ही कुठेही, अगदी सांकेतिक स्वरूपातसुद्धा, ठेवायचा नाही.

रिझर्व्ह बँकेने 1 ऑगस्ट 2009 पासून ऑनलाइन कार्ड-व्यवहाराला दुसरी ओळख सक्तीची केली. आज आपण ओटीपी टाकतो तो त्यातूनच आला. तरी धोका सरला नाही. 2016 मध्ये देशातल्या सुमारे 32 लाख डेबिट कार्डांची माहिती फुटल्याचे उघड झाले. ऑगस्ट 2018 मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेत शिरून चोरांनी सुमारे 94 कोटी रुपये पळवले, त्यातले बरेचसे बनावट कार्डांनी परदेशांतल्या एटीएममधून. बँकेची ही गत, तर चार माणसांच्या दुकानाने नंबर सांभाळायची जोखीम घ्यावी कशाला?

शेवटी रिझर्व्ह बँकेच्या नियमानेच पेटी रिकामी केली. 1 ऑक्टोबर 2022 पासून कार्डाचा पूर्ण नंबर कार्ड देणारी बँक आणि कार्डाचे नेटवर्क यांच्याखेरीज कुणीही साठवायचा नाही. दुकानाला हिशेब जुळवण्यापुरते शेवटचे चार आकडे आणि बँकेचे नाव ठेवता येते. कार्ड जतन करायचे असेल तर नंबराऐवजी टोकन, आणि एका दुकानासाठी दिलेले टोकन दुसऱ्या दुकानात चालत नाही. शहाजोग हुंडीचा हरवलेला गुण असा परत आला, हे मला फार मोलाचे वाटते.

व्यवहारात हे सोपे आहे. राजूरच्या पेढेवाल्याची वेबसाइट असो की शिर्डीतल्या लॉजची, ‘पैसे भरा’ दाबल्यावर गिऱ्हाईक पेमेंट गेटवेच्या पानावर जावे, आकडे तिथेच टाकावेत आणि आपल्याकडे फक्त ‘मिळाले’ किंवा ‘नाही’ एवढाच निरोप यावा. आपल्याच पानावर आकडे घ्यायचा मोह टाळावा. 2018 मध्ये ब्रिटिश एअरवेजच्या पानात चोरांनी जेमतेम वीसेक ओळींचा कोड घुसवला आणि गिऱ्हाइके टाइप करत असतानाच आकडे बाहेर गेले.

खरी भोकं मात्र वेबसाइटच्या बाहेर आहेत. खोली राखून ठेवायला कार्डाच्या दोन्ही बाजूंचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागवला की तो मॅनेजरच्या गॅलरीत, तिथून बॅकअपमध्ये जातो आणि मॅनेजर नोकरी सोडून गेला तरी त्याच्या फोनात राहतो. धंदा करणाऱ्यांनी असा फोटो मागू नये, गिऱ्हाइकांनी पाठवू नये. त्याऐवजी पेमेंट लिंक मागा. आणि जुन्या वह्यांत, फोनांत, एक्सेलच्या फायलींत कुणाचे नंबर पडून असतील तर ते आजच्या आज नष्ट करा.